दुभाष्याची चूक

४ मार्च, मंगळवार

"तू तिथे उभी राहिलीस की तुझा 'मी' तुझा राहत नाही, बोलणाऱ्याचा होतो." बाई हे मला फार वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. म्हणाल्या म्हणजे हातांनी. बाई जन्मापासून बहिऱ्या. कर्णबधिरांच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि खुणांची भाषा मला त्यांनीच शिकवली. बोलणारा "माझी कंबर दुखते" म्हणाला, तर दुभाष्यानेही स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तेच सांगायचं. "यांची कंबर दुखते असं हे म्हणतात" असं सांगणारा दुभाषी बाईंच्या मते चहाडखोर.

आज ते वाक्य आठवलं, कारण मोठं काम मिळालं. दारू पिण्याचं कायदेशीर वय एकवीसवरून अठरावर आणावं का, यासाठी समिती नेमली आहे. ती लोकांचं म्हणणं ऐकणार आहे, सभागृहात, उघडपणे. मी आणि माझी जोडीदारीण आलटूनपालटून मंचाच्या कडेला उभ्या राहणार. एकीचे हात दमले की दुसरी. जोडीदारीण माझ्यापेक्षा बरीच लहान आहे. तिचं तोंड आणि हात एकाच वेळी चालतात, म्हणून मनातल्या मनात मी तिला बडबडी म्हणते.

मुंगीला फोन करून सांगितलं. मुंगी म्हणजे माझी लेक. लहानपणी कायम साखरेच्या डब्यापाशी सापडायची. आता एकोणीस वर्षांची आहे आणि गेल्या उन्हाळ्यापासून हॉस्टेलवर राहते. कॉलेज याच शहरात, बसने अर्धा तास, पण तिथे अभ्यास चांगला होतो म्हणाली. मी अडवलं नाही. मुलांना मोकळं सोडावं लागतं.

"अरे वा," ती म्हणाली, "दारूवर तू बोलणार?"

"मी नाही गं बोलणार. लोक बोलणार. मी फक्त हात."

"तेच," ती म्हणाली.

घर आवरलं. दिवे लावले. छोटा एक ग्लास घेतला, नवीन कामाचा म्हणून.

६ मार्च, गुरुवार

पहिली सुनावणी. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत कर्णबधिरांसाठी जागा राखून ठेवलेल्या, आणि मधोमध बाई. केस पूर्ण पांढरे झालेत, पाठ मात्र तशीच ताठ. त्यांना बघून मी अजूनही विद्यार्थिनी होते.

आधी एक विद्यार्थी बोलला. "अठराव्या वर्षी मी मत देतो, गाडी चालवतो, माझ्याच वयाची मैत्रीण उद्या लग्नही करू शकते. पण तिच्याच लग्नात सगळे ग्लास उंचावणार आणि नवरीच्या हातात सरबत." सगळे हसले. बाईही हसल्या, पण इतरांच्या नंतर. आमच्या हातांमुळे त्यांना हसू नेहमी क्षणभर उशिरा मिळतं.

मग अपघात विभागातल्या डॉक्टर. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की पंधरा-सोळाची मुलंही त्यांच्याकडे येतात. वय अठरावर आणलं तर वर्गातला सगळ्यात मोठा मुलगा सगळ्या वर्गासाठी बाटली आणेल. त्यानंतर हॉटेलवाला. "साहेब, एकवीसच्या आतलं कोणी पीतच नाही असं धरून इथे बोलणं चाललंय. एकदा माझ्या हॉटेलमागच्या गल्लीत या. अंधारात पितात, घाईघाईत पितात. माझ्या टेबलावर बसले तर निदान मी म्हणेन, बाबा रे, आता पुरे."

शेवटी एक गृहस्थ उठले. त्यांचा मुलगा गाडी चालवत होता. ते फार थोडं बोलले. "माझा मुलगा" ही खूण मी छातीवर बोट ठेवून केली आणि "गेला" ही खूण करताना माझे हात जड झाले. दुभाष्याने रडायचं नसतं. मी रडले नाही.

दिवसभरात मी विद्यार्थी झाले, डॉक्टर झाले, हॉटेलवाला झाले, त्या मुलाचा बाप झाले. घरी येऊन दिवा लावला तेव्हा मी कोणीच नव्हते.

खरं सांगायचं तर मला डॉक्टरांचं पटलं. मुंगी अठराची झाली त्या दिवशी मला म्हणाली होती, "आई, आज मला तुझ्याबरोबर एक घोट दे ना." मी सरळ सांगितलं, "एकवीसची हो, मग बघू. कायदा आहे." आणि तिच्यासमोर नको म्हणून माझा ग्लास घेऊन मी खोलीत गेले आणि कडी लावली. किती आया इतकं पाळतात? तिचे बाबा आमच्यापासून वेगळे राहतात, पण त्यांनीही हे ऐकून मला शाबासकी दिली असती. त्यांना तर सोड्यानेही ठसका लागतो.

८ मार्च, शनिवार

बाजार केला. दुकान बदललंय. कोपऱ्यावरचा दुकानदार "काय ताई, पुन्हा पाहुणे वाटतं?" असं सगळ्यांसमोर विचारतो. माणसाने किती बोलावं. आता पुलापलीकडच्या दुकानात जाते. तेवढंच चालणं होतं. मात्र बाटल्या हल्ली लहान करायला लागलेत बहुतेक. आणली म्हणेपर्यंत संपते.

मुंगीचा फोन आला, तिने आपणहून केलेला. फार बरं वाटलं. म्हणाली, "मीपण नाव दिलंय सुनावणीत. विद्यार्थ्यांतर्फे. वय कमी करा म्हणणाऱ्यांत."

"बोल की. धीट आहेस तू."

"तू कोणत्या दिवशी असतेस?"

"बुधवारी आणि पुढच्या बुधवारी. काळजी करू नकोस, नात्यातल्या माणसासाठी आम्ही उभं राहत नाही, नियमच आहे. तुझ्या वेळेला दुसरी असेल. किंवा तू दुसरा दिवस घे, म्हणजे तुला संकोच नको."

ती मग म्हणाली, "बघते."

गुरुवार घेईल बहुतेक. आईसमोर भाषण करायला मुलांना लाज वाटते. तिला बोलताना मला पाहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. दिवाणखान्यातली तिची खुर्ची खिडकीकडे सरकवली होती, ती पुन्हा टेबलाशी आणून ठेवली. कारण काही नाही.

१० मार्च, सोमवार

बँकेच्या एका बैठकीचं छोटं काम होतं. चहाच्या सुट्टीत बडबडी म्हणाली, "ताई, तुमचे हात थरथरतायत का हो?"

"एसी बघ ना किती ठेवलाय."

"हो ना, मेला नुसता बर्फ," ती म्हणाली आणि स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. तिला स्वतःला घाम आला होता. वेडीच आहे.

१२ मार्च, बुधवार

मुंगीने आजचाच दिवस घेतला होता.

तिचा नंबर दुपारनंतर होता आणि तेव्हा बडबडीची पाळी येणार होती. पण मधले दोघे आलेच नाहीत. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं आणि माझी लेक चालत मंचावर आली. केस कापलेत. बारीक झालीय. मी अजून उभीच होते. बडबडी खुर्चीतून अर्धी उठली आणि भुवयांनी विचारलं, मी येऊ? मी मान हलवून नाही म्हटलं. नियम मोडतेय हे कळत होतं. पण महिनोन्‌महिने फोनवर "हो, जेवले, ठेवते" याखेरीज तिचं बोलणं मला मिळालेलं नाही. आज ती बोलणार होती आणि ते सगळं माझ्या हातांतून जाणार होतं. कोणती आई बाजूला झाली असती?

"नमस्कार. मी वय कमी करा असं सांगायला आलेय. पण मला स्वतःला दारू आवडत नाही."

लोक हसले. अध्यक्ष वयस्कर आहेत. म्हणाले, "मग कशाला आलीस, बाळ?"

"बाळ नका म्हणू, मतदार आहे मी."

पुन्हा हशा. मलाही हसू आलं. दुभाष्याला चालतं, बोलणारा हसला तर.

मग ती म्हणाली, "माझी आई रोज संध्याकाळी एकटी पिते. दार लावून."

माझे हात चालू होते. हात थांबले की पहिल्या रांगेसाठी सभागृह बंद होतं, म्हणून ते कधी थांबत नाहीत, सवयच आहे. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ती मात्र मध्येच थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या हातांकडे. खुणा तिला येतात, घरात बघून बघूनच शिकली. वाक्य विसरली असावी. मग समोर बघून पुढे बोलू लागली, पण आवाज बदलला होता.

"मी अठराची झाले त्या दिवशी तिच्याकडे एक घोट मागितला. मला चव नको होती. मला समोर बसायचं होतं. ती म्हणाली, कायदा आहे. माझी आई कायदा मोडत नाही. ती आत गेली आणि कडी लावली."

अध्यक्ष म्हणाले, "पण वय कमी असतं तर तुमच्या आईचं पिणं थांबलं असतं का?"

"नाही. पण तिला दार लावायला कारण उरलं नसतं."

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि समोर बसता बसता तुम्हीही प्यायला लागला असता तर?"

मुंगी म्हणाली, "तसंही झालं असतं कदाचित. मला माहीत नाही. मी खोटं कशाला सांगू?"

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. ती उतरली आणि माझ्या बाजूने न येता दुसऱ्या बाजूने गेली. माझी पाळी संपली तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

भाषणात मुलं तिखटमीठ लावतात, त्याशिवाय कोण ऐकणार. रोज कुठे? आणि एकटी म्हणजे काय, घरात दुसरं आहे कोण? तरी कोणी ओळखलं नसेल. आमची आडनावं वेगळी आहेत, आणि दुभाष्याकडे बघत असलं तरी त्याला कोणी बघत नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "हात छान चालले तुझे. बाबांना कळवू का?"

बाबांचं काय मध्येच? पण कौतुक केलं तिने. दोनदा वाचला. दुसरा ग्लास अर्धाच घेतला, म्हणजे तो धरायचा नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज माझी पाळी नव्हती. बाईंनी बोलावून घेतलं म्हणून गेले. सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्यात त्या वर्तमानपत्र घेऊन उभ्या होत्या. ते काखेत धरलं आणि दोन्ही हात मोकळे केले.

"यात छापलंय, मुलगी म्हणाली, माझी आई पिते. काल तुझ्या हातांवर बाबा होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बाबा. खरं कोण?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने वळून बघितलं ते कळलं, मेसेज कळला.

मी हात हलवले, "पेपरवाले काहीही छापतात."

लिहायला लाज वाटते, पण मी हेच म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा त्यांच्याकडे शिकायला आलेली तेवीस वर्षांची मुलगी झाले. "मला कान नाहीत, म्हणून तू आहेस. काल अख्ख्या सभागृहाला खरं कळलं. फक्त आम्हाला नाही. आम्ही रांगेत बसून त्या मुलीच्या बापाला शिव्या दिल्या. घरी जाऊनही दिल्या."

"चूक झाली. दमले होते."

"दमलेले हात अडखळतात. तुझे अडखळले नाहीत." मग त्या थोड्या जवळ आल्या आणि खुणा लहान केल्या. लांबच्याला दिसू नये म्हणून आम्ही करतो तशा, म्हणजे आमची कुजबुज. "अडखळतात ते एरवी. हल्ली तुझे हात तोतरे झालेत. सगळ्यांच्या लक्षात आलंय. कोणी बोलत नाही, कारण आम्हाला तू आवडतेस."

सगळ्यांच्या. म्हणजे पहिली रांग माझ्याबद्दल बोलते. मला वाटत होतं मीच तेवढी त्यांच्यासाठी बोलते.

चूक झाली तर दुभाष्याने उघडपणे सुधारायची असते. शेवटची सुनावणी पुढच्या बुधवारी. बाई म्हणाल्या, "तेव्हा सुधार. नाहीतर मी उभी राहून विचारीन, आणि मला आवाज नसला तरी लोक बघतील."

१५ मार्च, शनिवार

आज घ्यायची नाही असं ठरवलं. दुपारभर कपाटं आवरली. मुंगीचा जुना स्वेटर सापडला, बाह्यांना बोटांसाठी भोकं पाडलेला. किती ओरडले होते तेव्हा. घालून बघितला, हात कोपरापर्यंतच गेले.

सहाच्या सुमारास घर फार मोठं वाटायला लागलं. रेडिओ लावला. शेजारणीकडे जावं म्हणून बाहेर पडले. आतून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला. बेल न वाजवता परत फिरले.

थोडी घेतली. एकदम बंद करणं शरीराला चांगलं नसतं, असं कुठेतरी वाचलंय.

मुंगीला दोनदा फोन केला. उचलला नाही. लायब्ररीत असेल.

१६ मार्च, रविवार

लायब्ररी रविवारी बंद असते. शनिवारीही दुपारीच बंद होते. मला हे माहीत होतं.

१९ मार्च, बुधवार

सकाळी अध्यक्षांना भेटले. म्हणाले, "अहो, एवढ्याशा खुणेसाठी कशाला? नोंदीत तर बरोबर आहे."

"नोंद ऐकणाऱ्यांची आहे, साहेब. बघणाऱ्यांची चुकलीय."

त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं, सुरुवातीलाच उरकून टाका."

मी मंचाच्या कडेला उभी राहिले. अशा वेळी दुभाष्याने "मी" म्हणायचं नसतं. "दुभाष्याची चूक" असं परक्यासारखं सांगायचं, म्हणजे बोलणाऱ्याच्या बोलण्यात आपली भेसळ होत नाही. मी हातांनी आणि तोंडाने, दोन्हीने सांगितलं, "दुभाष्याची चूक. गेल्या बुधवारी एका विद्यार्थिनीच्या बोलण्यात दुभाष्याने जिथे बाबा सांगितलं, तिथे आई आहे. बाबा पीत नाहीत. आई पिते. रोज. एकटी. दार लावून."

"रोज" करताना हात हळू झाला, पण केला. पहिल्या रांगेत हालचाल झाली, एकमेकांना कोपरं लागली. मागे कोणी मान वर केली नाही. अध्यक्ष म्हणाले, "ठीक, पुढे चला," आणि पुढचा वक्ता बोलायला लागला. मी त्याचे हात झाले.

जेवणाच्या सुट्टीत बाईंना गाठलं. इतकी वर्षं हातांनी दुसऱ्यांचंच बोलत आले. आज छातीवर बोट ठेवलं तेव्हा क्षणभर वाटलं, आता कोण बोलणार आहे?

"ती आई मी आहे," मी म्हटलं. "ती माझी मुलगी."

बाई म्हणाल्या, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"ती पाच वर्षांची असताना तू शाळेत आणायचीस. बोलताना भुवया उडवते, अजून तशीच." मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. बहिऱ्या माणसाने हात धरले की दोघांचंही बोलणं बंद होतं. बऱ्याच वेळाने सोडले आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुझ्या समोर येऊन बसणार आहे? मला रात्रीचं दिसत नाही, बस चुकते." आणि स्वतःच हसल्या. पुढे म्हणाल्या, तोतरेपणा जाईपर्यंत आमच्यासमोर उभी राहू नकोस. प्रेमाने म्हणाल्या, पण म्हणाल्या.

बडबडीने माझ्या उरलेल्या पाळ्या घेतल्या. आज एक शब्दही बडबडली नाही. निघताना फक्त म्हणाली, "ताई, शाल राहू दे तुमच्याकडे."

वय अठरा होणार की एकवीसच राहणार, कोणालाच माहीत नाही. समिती अहवाल देईल, मग तो कुठेतरी पडून राहील. मी सगळ्यांचं म्हणणं या हातांनी सांगितलं आणि माझं मत अजून ठरत नाही. डॉक्टरांचंही खरं आहे. त्या गृहस्थांचा मुलगा परत येणार नाही. पण एक गोष्ट मला आज बसमध्ये बसल्या बसल्या कळली आणि मी दोन थांबे पुढे गेले. कायदा तिच्यासाठी होता. कडी मी माझ्यासाठी लावली होती.

२० मार्च, गुरुवार

मेसेज लिहायला घेतला. तीनदा पुसला. फोन केला तर ती उचलणार नाही, आणि उचलला तर मी "जेवलीस का?" विचारीन. म्हणून आधी इथे लिहिते, मग जसंच्या तसं तिकडे पाठवते.

मुंगे, तू बुधवार का घेतलास ते मला उशिरा कळलं. तुला ते माझ्यासमोर बोलायचं होतं. ते माझ्याच हातांत आलं आणि मी तिथेही तुला फसवलं. काल सगळ्यांसमोर बरोबर करून सांगितलं. तू नव्हतीस. कोणी तुला सांगितलं असेल, नसेल.

मी सोडली असं लिहिणार नाही, कारण सोडलेली नाही. काल रात्री एवढं सगळं होऊनही घेतली. उद्यापासून नाही, असंही लिहिणार नाही. ते मी स्वतःला बरेचदा सांगितलंय. सुनावणीत अपघात विभागातल्या एक डॉक्टर बोलल्या होत्या, त्यांचा नंबर मी मिळवलाय, अजून लावलेला नाही. एकटीने लावायला भीती वाटते.

शनिवारी सहा वाजता येशील? तुला घोट देणार नाही, तू अजून एकोणीसचीच आहेस. पण दार लावणार नाही. मी घेत असले तर घेताना बघ, नसले तर नसताना बघ. मला काही बोलू नकोस, समजावू नकोस, बाटली लपवू नकोस. नुसती समोर बस आणि त्या डॉक्टरांना फोन लावताना उठून जाऊ नकोस.

तू नाही म्हणशील. परीक्षा आहे म्हणशील, किंवा काहीच म्हणणार नाहीस, आणि ते बरोबरच असेल, कारण समोर बसायला तू मागत होतीस तेव्हा मी दिलं नाही. तरी विचारते. शनिवारी नाही जमलं तर रविवारी. अर्धाच तास. येशील का?